पुढच्या पिढीची तीन चाकं

“चार जणांच्या विचाराबिगर काही करू नोका. आन् तलाव खोदाल तं नातवाच्या तहानेच्या मापानं खोदा!”

दवनीवाडा गावचे केशोराव एवढं सांगून वारले, त्याला बरीच वर्षं झाली. आवाज मात्र घरातच राहिला. थोरांचा उपदेश थोरांपेक्षा जास्त जगतो, हे सर्वमान्यच आहे. (तो कोणत्या कामासाठी केला होता, हेही जगेलच असं नाही.) या घराण्याने बांधलेला एकही तलाव आजवर फुटला नव्हता. म्हणून केशोरावांचे चिरंजीव यादोराव प्रत्येक काम तलावासारखंच करीत. लोणचंसुद्धा.

केशोरावांच्या मागे राहिलेल्या जमुनाबाईंचे सोमवार निर्जळी, चातुर्मासात जेवताना मौन. त्यांची नात, यादोरावांची गोदी, दोन वर्षांची होऊन गेली तरी बूड घासतच अंगणभर फिरे. गोंदियाच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले नि म्हणाले, “पायात दोष नाही, वापर नाही. तीन चाकांची लहानशी सायकल द्या, पायाने रेटत जाईल. पण उशीर करू नका, पाय आळसावले की जड जाईल.” जमुनाबाईंनी त्याच संध्याकाळी देवापुढे गोदीला सांगितलं, “तान्ह्या पोळ्याले तुले गाडीवर बसवीन, माय.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल मिरवतात, तो हा तान्हा पोळा.

यादोरावांनी रीतसर सभा बोलावली. पंच सात. त्यांपैकी दोन चाकांची सायकल पाहिलेले तीन; तीन चाकांची पाहिलेला कोणीच नाही. त्यामुळे चर्चा अत्यंत निःपक्षपाती झाली.

“तीन तिगाडा, काम बिगाडा!” ज्येष्ठ पंच बकाराम म्हणाले. “मी आधीच सांगून राहिलो.”

यावर ठराव झाला की, गाडीमागे चौथं चाक मानाचं म्हणून बांधावं. त्यावर जमिनीला टेकण्याची सक्ती राहणार नाही. (गावात अशी मानाची चाकं आणखीही होती. काही त्या सभेतच बसली होती.)

मग मापाचा प्रश्न निघाला.

“ह्या वर्षीचा पाऊस पाहून कोणी तलावाची पाळ बांधते का?” यादोराव म्हणाले. “पोरगी वाढन, तिच्यामागून भाऊ येतीन, त्यायचे लेकरं येतीन. गाडी सगळ्यायले पुरली पाहिजे.”

जमुनाबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, “पण पाय आत्ता टेकाले पाहिजेत ना, यादो?”

“माय, तू एका पोरीचं पाहून राहिली. आमी पिढीचं पाहून राहिलो.”

मतमोजणीत अजून जन्माला न आलेले भाऊ आणि त्यांची लेकरं धरण्यात आली. गोदीच्या विरुद्ध मोठं बहुमत पडलं.

पंच गोंदियाच्या बाजारात गेले. बैलगाडीत सात जण बसल्यावर जागा उरली नाही, म्हणून गोदीला घरी ठेवलं.

दुकानदार चुन्नीलालने विचारलं, “बच्ची कहाँ है? नाप तो उसी का लगेगा।”

“तिले काय समजते त्यातलं?” बकाराम म्हणाले.

मजबुती पाहण्यासाठी पंचांपैकी वजनाने मोठे भोजराज सर्वांत उंच गाडीवर बसले. गाडी मोडली नाही. भोजराज लवकर उठलेही नाहीत. गाडी पसंत पडली.

घरी आल्यावर गोदीला वर बसवलं. वेलीला दोडके लोंबावेत तसे तिचे पाय पेडलांच्या वीतभर वर लोंबू लागले. पंचांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत खोट नव्हती. पाय तेवढे कमी पडत होते. तेव्हा पाय वाढेपर्यंत गाडी बाजेवर ठेवावी आणि रोज हळदकुंकू वाहावं, असं ठरलं. गोदी आजीच्या कडेवरून हात लांबवून घंटी वाजवी. घंटी झिजू नये म्हणून तिच्यावर फडकं बांधण्यात आलं. लोक दवनीवाड्यात गाडी पाहायला येत आणि म्हणत, “लेकराची हौस करावी तं अशी!” गोदी बाजेखाली बूड घासत असे, पाहुण्यांच्या पायात येते म्हणून तिला आत नेत.

तान्ह्या पोळ्याची सकाळ उजाडली. अंगणात गाडीला तोरण बांधणं चाललं होतं. मिरवणुकीत दोरी बकाराम ओढणार, तोल भोजराज सांभाळणार; गर्दीत लागेल-बिगेल म्हणून गोदी घरीच राहणार. सजावटीचं पहिलं बक्षीसही ठरलेलंच होतं, कारण परीक्षक तेच सात जण होते.

हे वाचून ज्यांना पंचांचं हसू आलं, त्यांनी हसून घ्यावं. मग उठून आपल्या लेकराच्या बुटाच्या टोकात बोट घालून पाहावं. मोठ्या मापात कोंबलेला कापूस लागला, तर आपल्यालाही सभेत जागा आहे. बैलगाडीतही करून घेता येईल; लेकराला उतरवलं की झालं.

जमुनाबाईंनी पूजा आटोपली. ज्या पाटावर बसून इतकी वर्षं जप केला, तो उचलून त्यांनी कपाळाला लावला नि काखेत धरला. उदाराम सुताराकडे लाकडी बैलांची उरलेली चाकं होती. पाटाला लावली तर बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकतील. दुसऱ्या कडेवर गोदीला घेऊन त्या मागच्या दाराने निघाल्या. चार जणांना विचारलं नाही. एकीला विचारलं.

“बसशीन ना, माय?”

गोदीने पाटावर थाप मारली.