विरजण लागलेला बिलोरी वाडगा

रूपरावांनी कपाट उघडलं, तर बिलोरी वाडग्याच्या जागी लोणच्याची बरणी ऐटीत बसलेली.

"अवं, वाडगा कुठी हाये?"

"तानाबाईनं नेला नं परवा. पाहुने आलते तिच्या घरी," शोभाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

जंगलखात्याचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना हा वाडगा आपल्या चपराशाला, म्हणजे रूपरावांच्या वडिलांना, देऊन गेला होता. इंग्रज जाऊन तीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट घरात रोज ताजी असे. समुद्रपूरच्या एका लग्नात रूपरावांनी ती पंगतीला रंगवून सांगितली, तेव्हा समोरच्या पानावरून महादेवराव म्हणाले होते, "असे साच्यातले वाडगे बजारात ढिगानं भेटते." महादेवराव बोरगाव मेघेचे. नागपुरात काचसामानाच्या दुकानात तीस वर्षं काढलेली. काचेतलं त्यांना सगळं कळतं असा लोकांचा समज होता, आणि त्यांचाही. आज अकराच्या एसटीनं ते स्वतःचा खानदानी वाडगा घेऊन तळेगावला येणार होते. दोन्ही शेजारी ठेवून स्टँडवरच्या हॉटेलात निकाल द्यायचा, असं ठरलं होतं. वाडगा साच्यातला निघाला, तर मेलेले वडील भर गावात खोटे पडणार होते.

रूपराव अनवाणीच शेजारी धावले.

"तानाबाई, वाडगा द्या."

"देतो नं भाऊजी. पन कोनाचं भांडं रिकामं वापस करू काय मी? दही लावलं त्यात."

"मंग दह्यासकट द्या."

"हालवलं का मोडते. थंडीपायी रातभर लागलंच नाई, म्हनून चुलीपाशी घोंगडीत गुंडाळून ठेवलं."

विलायती काच चुलीपाशी आहे हे ऐकून रूपराव ओट्यावरच बसले. दुसऱ्या भांड्यात काढा म्हणावं, तर अर्धवट लागलेल्या दह्याला पाणी सुटतं. ही चर्चा चालू असतानाच, स्टँडवर रूपराव दिसले नाहीत म्हणून शोधत आलेले महादेवराव लाल फडक्यातलं गाठोडं छातीशी धरून दारात उभे राहिले. निकाल चुलीपाशीच द्यावा लागणार, असं दिसलं.

घोंगडी बाजूला करून महादेवराव उकिडवे बसले आणि सुरू झाले. "अस्सल वाडगा मंजे, जाड काच फिरत्या लोखंडी चाकावर धरते. वरून ओली वाळू सोडते. एकेक खाच हातानं कापते. मंग दगडाच्या चाकावर घासते, मंग लाकडाच्या चाकावर चमकवते. साच्यातल्याले काय? वितळवलेली काच साच्यात ओतली, दाबली, झालं. त्याची धार बोथट, अन् बाजूनं साच्याची शिवण राह्यते."

तानाबाई मन लावून ऐकत होत्या. महादेवरावांनी बोट फिरवलं. धार तीक्ष्ण होती, शिवण कुठेच नव्हती. पण उजेडात धरल्याशिवाय ते बोलेनात. दही नुकतं लागलं होतं. रूपराव आणि महादेवराव दोघांनी मिळून ते भाकरीशी संपवलं. धुतलेला वाडगा अंगणात उन्हात धरला, तशी मातीच्या भिंतीवर सात रंगांच्या चांदण्या पसरल्या, तानाबाईंच्या लुगड्यावरसुद्धा.

"अस्सल हाये," महादेवराव म्हणाले. "तुमचे वडील खरं सांगत होते."

रूपरावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत.

महादेवरावांनी आपलं गाठोडं सोडून स्वतःचा वाडगा शेजारी ठेवला. तानाबाईंनी नव्या विद्येनं त्याच्यावर बोट फिरवलं.

"भाऊ, याले तं शिवन हाये. दोन बाजूनं."

महादेवरावांनी हात लावून पाहिला. शिवण होतीच. दुकानातल्या हजार भांड्यांवर त्यांनी बोट फिरवलं होतं. घरी मात्र तो वाडगा देव्हाऱ्यापाशी असे, आणि त्याच्यावर शंका घ्यायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. "बाबा म्हनत होते..." एवढंच ते बोलले.

पंगतीतलं उट्टं काढायला याहून चांगली वेळ नव्हती. रूपरावांच्या जिभेवर वाक्य तयारही होतं. पण महादेवरावांचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटला. सकाळी कपाटासमोर आपलाही असाच झाला असणार.

"तानाबाई, कोमट दूध हाये काय? यात विरजन लावा."

"अवो, एसटीत मोडन ते."

"मोडू द्या. पाहुन्याचं भांडं रिकामं कसं जाईन?"

स्टँडवरच्या हॉटेलात अर्धं गाव जमलं होतं. महादेवरावांनी खड्या आवाजात रूपरावांचा वाडगा अस्सल असल्याचं जाहीर केलं, रूपरावांच्या वडिलांचं नाव घेऊन.

"अन् तुमचा, महादेवराव? दाखवा नं, ठेवा शेजारी," कोणीतरी म्हणालं.

महादेवरावांनी गाठोडं छातीशी घट्ट धरलं आणि रूपरावांकडे पाहिलं.

"नाई बा," ते म्हणाले. "विरजन हाये त्यात. उघडलं का मोडते."