महिरपीतली हाक

खिल्लारे काका कॉम्प्युटरला हाका मारतात.

चपला दाराबाहेर काढायच्या, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, स्क्रीनपासून दोन हात लांब ताठ उभं राहायचं आणि यादीतलं एकेक नाव खणखणीत आवाजात पुकारायचं, ही त्यांची रीत. "तुळसाबाई मावशी!" मग क्षणभर थांबायचं, जणू तुळसाबाई कॉम्प्युटरमागून पदर सावरत बाहेर येणार आहेत. कुणी येत नाही. काका मान डोलावतात आणि पुढचं नाव घेतात. "रहीमचाचा!" एकदा शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात आलेले कुणी रहीमचाचा खरोखरच दारात येऊन उभे राहिले. "काय काम होतं?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते आपल्या यादीतले नाहीत असं कळल्यावर यादीत घेतलं.

मी हे काकांची गंमत सांगायला लिहीत नाही, निदान तेवढ्यासाठी नाही. त्यांच्या यादीतलं एक नाव मी पुसलं आणि वर त्याला कचरा म्हणालो. ते सांगून टाकल्याशिवाय माझं मन थाऱ्यावर येणार नाही.

हिंगोलीत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. पूर्वी तिथे कॉम्प्युटरचे क्लास घेत असे, म्हणून लोक अजून 'सर' म्हणतात. आता मी दुकानदारांचे जाहिरातीचे मेसेज गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर पाठवतो. मेसेजखाली एक लिंक असते. त्या लिंकच्या शेवटी महिरपी कंसात एक जागा रिकामी ठेवलेली असते. पाठवताना मशीन त्या जागी ज्याचं त्याचं नाव भरतं. म्हणजे मेसेज एकच, पण हजार माणसांना हजार वेगळ्या लिंका जातात. सखूबाईंनी आपली लिंक दाबली की दुकानाचं पान 'या सखूबाई' म्हणत उघडतं, आणि ती कुणी, किती वाजता दाबली, हे मला इकडे बसून दिसतं.

काका पहिल्यांदा आले ते भांडायला. सहा फूट उंचीचा माणूस वाकून दारातून आत आला आणि त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मेसेजमध्ये 'प्रिय ग्राहक' असं लिहिलेलं होतं.

"हे तुमी धाडलं?"

"हो."

"सर, मी जवळा बाजार गावात अडतीस वर्षं टपाल वाटलं. 'ग्राहक, जवळा बाजार' असा लिफाफा आला असता तर मी कोणाच्या घरी टाकला असता?"

मग मीच शहाणपणा दाखवत त्यांना महिरपी कंसाची युक्ती समजावली. नाव भरता येतं, पण याद्या नीट नसतात, म्हणून कंटाळा करतो, हेही कबूल केलं. काकांनी स्क्रीनवरच्या त्या नागमोडी कंसावर बोट टेकवलं.

"म्हंजे महिरप बांधून ठेवली, अन् आत माणूसच बसवला न्हाई. काहून असं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले आणि येतच राहिले.

आमच्या याद्यांची खरी तकलीफ अशी की दुकानदार बिलावरून नावं उतरवतात, आणि बिलावर आडनाव आधी असतं. मशीनला ते कुठून कळणार? ते पहिला शब्द उचलतं. त्यामुळे 'पठाडे, तुमच्यासाठी नव्या बांगड्या' असा मेसेज एकाच वाड्यातल्या सात पठाडेंना गेला. त्यातले पाच पुरुष होते, आणि एकाच्या बायकोनं बांगड्यांची ही दुसरी पठाडे कोण, म्हणून दोन दिवस अबोला धरला. तिची समजूत काढायला काका स्वतः गेले. परत आल्यावर त्यांनी यादीत एक नवा रकाना पाडायला लावला. त्याचं नाव 'हाक'.

"नाव कागदाला असते, सर. माणसाला हाक असते."

त्या दिवसापासून काका दर बाजाराच्या दिवशी वही घेऊन जवळा बाजारात फिरू लागले. सोयाबीनच्या पोत्यांमधून वाट काढत एकेकाला गाठायचं आणि विचारायचं, "तुमाला लोक काय म्हून हाक मारतात?"

"काहून? पोलिसातून आले का?"

"न्हाई. महिरपीतून आलो."

एका बाईनं सांगितलं, "मला सरपंचबाई म्हणा."

"तुमी सरपंच हाईत का?"

"या बारीला व्हणार हाये."

काकांनी तसं लिहून घेतलं. ती बाई निवडणुकीत पडली. मी रकाना बदलायला गेलो तर काकांनी माझा हात धरला. "दिलेली हाक वापस घेत न्हाईत, सर. पुढच्या बारीला कामी येईल." आजही आमच्या यादीत तिला सरपंचबाई म्हणूनच मेसेज जातो, आणि खरं सांगायचं तर ती प्रत्येक लिंक उघडते.

हळूहळू सगळेच उघडू लागले. दुकानदार खूश झाले. काम वाढलं तशी माझी घाईही वाढली, आणि घाईत माझा स्वभाव बिघडतो.

दसऱ्याआधीची गोष्ट. कापड दुकानाच्या शेठजींचा मोठा मेसेज जायचा होता. आदल्या संध्याकाळी मी यादी साफ करायला घेतली. एकाच नंबरावर दोन नावं असतील तर मशीन ती ओळ लाल करून दाखवतं. अशा लाल ओळींत एक होती 'बारक्या'. पुढे आडनाव नाही, गाव नाही. वरखाली काही न बघता मी ती पुसली.

सकाळी काका आले. चपला काढल्या, चष्मा पुसला, हाका सुरू झाल्या. "बाबाराव मामा! बायनाबाई आत्या!" मग ते थांबले. स्क्रीनच्या जवळ गेले, मागे आले.

"सर, इथं एक होता."

"कोण?"

"बारक्या."

"तो कचरा होता हो काका. कुणीतरी टाइमपास म्हणून टाकलेला. मी काढला. चला पुढे, शेठजींचा फोन येऊन राहिलाय."

काकांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसला, तो नुकताच पुसलेला असताना. "व्हय का," ते म्हणाले. "बरं केलं." उरलेली नावं त्यांनी मनातल्या मनात वाचली. जाताना एवढंच म्हणाले, "आता मशीनला बराबर जमते, सर. माझी काय गरज."

मला वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं. मला त्या क्षणी बरं वाटलं. यादी लवकर संपली होती.

दहा वाजता मेसेज पाठवायचा होता. बटण दाबण्याआधी सहज म्हणून मी मागच्या मेसेजांचा हिशोब उघडला, कुणाची लिंक किती वाजता उघडली ते बघायला. पहिल्या ओळीवर 'बारक्या'. त्याच्या मागच्या मेसेजला पहिली ओळ 'बारक्या'. बांगड्यांचा सेल, बारावीचे क्लास, बेंटेक्सचे दागिने, सोयाबीनची चाळणी, काहीही असो. मेसेज गेला की मिनिटाच्या आत बारक्यानं लिंक उघडलेली असायची. मी जुन्या यादीत नंबर पाहिला. तो नंबर मला पाठ होता. खिल्लारे काकांचा.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. ते नाव काका नेहमी जरा हळू पुकारायचे. आणि मेसेज गेल्यावर ते मोबाइल घेऊन हटकून दारापर्यंत जायचे, मला वाटायचं उजेडात वेळ बघायला.

शेठजींचा फोन वाजला. "सर, गेला का मेसेज?"

"नाही. काकांनी हाका मारल्याशिवाय जाणार नाही."

"अहो, बाजूच्या दुकानाचा कवाच येऊन गेला!"

"तरीही नाही," मी म्हणालो. आयुष्यात गिऱ्हाइकाला मी इतक्या ठामपणे कधी नाही म्हटलं नव्हतं. मोटारसायकल काढली आणि औंढ्यावरून थेट जवळा बाजार गाठलं.

काका ओट्यावर बसून वहीला पुठ्ठा घालत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला पाहून ते उठले. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोलायची हिंमत गेली असती.

"काका, मी बारक्याला कचरा म्हणालो. चुकलं माझं."

ते वहीकडे बघत म्हणाले, "पाच भावंडं आमी. मी शेवटचा, म्हून बारक्या. एवढा उंच वाढलो तरी बारक्याच. एकेक जण गेलं. आक्का राहिली होती. ती गेल्या उन्हाळ्यात गेली." त्यांनी पुठ्ठ्याची कड दाबली. "आता समदे काका म्हणतात, आबा म्हणतात. मान देतात. पण बारक्या म्हणणारं कोणी उरलं न्हाई. मी म्हणलं, मशीन का व्हईना, म्हणते तर खरं. तेवढ्यासाठी एक ओळ चोरली तुमची."

"चोरली नाही काका. चला. दसऱ्याची यादी थांबवून ठेवलीय."

"शेठ?"

"शेठपण थांबवून ठेवलाय."

काका हसले आणि चपला शोधू लागले.

ऑफिसात आल्यावर आधी मी ती ओळ होती तिथे परत घातली, आणि समोर आणखी एक रकाना करून लिहिलं: पुसू नये. काका ताठ उभे राहिले. हाका सुरू झाल्या. शेजारचा झेरॉक्सवाला वैतागला. बाबाराव मामा झाले, बायनाबाई आत्या झाल्या. पुढची ओळ बारक्याची. त्यांनी मान खाली घातली आणि ती ओळ सोडून पुढे जाऊ लागले.

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला असं कसं म्हणायचं, हा विचार मनात आला. पण मी तो मागे सारला. खुर्चीवरून उठलो, स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्याच सुरात मोठ्यानं पुकारलं, "बारक्या!"

सहा फुटांचा तो माणूस माझ्याकडे वळला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ओ."