एका बाकरवडीचा गुन्हा

तो जुना अमेरिकन पिक्चर पाहिल्यापासून सुबोध पार भारावून गेला होता. प्रियकर बँका लुटतो, मागे पोलीस लागतात, आणि प्रेयसी त्याच्याकडे अशी बघते, जणू शेजारच्या सीटवर देवच बसलाय. "काय बाई ती!" सुबोध चहाच्या कपालाही सांगायचा. सिंगापुरात बेडोकच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं संसार करून सुचित्राने त्याच्याकडे तसं एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलंच तर "कचरा टाकलास का?" हे विचारायला.

एकदा तरी तिने तसं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी गुन्हा करणं भाग होतं. बँक लुटली तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवानाच, जाणार. म्हणून त्याने पुष्कळ विचार करून आपल्याला झेपेल असा गुन्हा निवडला: एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खाणं. सिंगापूरमध्ये त्याला दंड आहे, म्हणजे तो गुन्हाच.

रविवारी पाया लेबार स्टेशनला जाताना भर गाडीत त्याने खिशातून पुण्याहून आलेली बाकरवडी काढली, सुचित्राकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि चावली. डबा शांत होता. कर्रकन आवाज पार टोकापर्यंत गेला.

"अंकल, कॅनॉट ईट हिअर लाह!" समोरची चिनी आजी ओरडली.

सुबोधला दरदरून घाम फुटला. "सॉरी, मी..."

"मेडिसिन," सुचित्रा शांतपणे म्हणाली. "हिज हार्ट."

आजीने त्याचा घाम पाहिला आणि तिची खात्रीच पटली. तिने त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि इमर्जन्सीचं बटण दाबून मोकळी झाली. पाया लेबारला दार उघडलं, तेव्हा स्टेशनचा माणूस व्हीलचेअर घेऊन उभा होता.

"मी खरं सांगून टाकतो," सुबोध खुर्चीतून कुजबुजला. "पास जाईल गं!"

"गप्प बस. छातीवर हात ठेव. अरे, डावीकडे!"

"व्हॉट मेडिसिन, मॅडम?" त्या माणसाने सुबोधच्या शर्टावरची खसखस निरखत विचारलं.

"आयुर्वेदिक," सुचित्राने पापणीही न लववता सांगितलं. "फॅमिली प्रॉब्लेम. आय ऑल्सो टेक." आणि सुबोधच्या मुठीतला उरलेला पुरावा तिने तोंडात टाकला, कडू काढ्यासारखं तोंड केलं आणि गिळला. मग डॉक्टरांकडे आपणच नेतो म्हणून टॅक्सी मागवायला लावली.

सुबोध आ वासून बघत राहिला. रोज आपल्याला डबा भरून देणारी हीच का ती बाई? पिक्चरमधली प्रेयसी ज्या नजरेने बघायची, अगदी त्याच नजरेने तो मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"सुचित्रा," टॅक्सीत बसल्याबसल्या तो म्हणाला, "तू ग्रेट आहेस गं."

"ते राहू दे." तिचे डोळे लकाकत होते. "पुढच्या रविवारी चकली नेऊ. तिचा आवाज जास्त होतो, तेव्हा तू खोकायचं."