वझलवारकाकांचा एमिल

वझलवारकाका पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या पोळीला दहापैकी साडेसात दिले. पोळी उजेडाकडे धरून नीट फिरवली आणि म्हणाले, "कडा छान आहेत. सेंटरिंग गेलं." म्हणजे काय, तर पोळीवरचा मोठा डाग मधोमध न पडता डावीकडे सरकला होता. मग तशाच चार पोळ्या त्यांनी मन लावून खाल्ल्या.

मी नोकरीसाठी पुण्याहून ब्रिस्टलला आले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून काका माझे शेजारी, आमची भिंत एकच. मूळचे नागपूरचे. विमानाची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, असं मात्र झालं नाही, एमिल होता.

एमिल हा बर्फावरच्या हॉकीतला स्वीडिश खेळाडू. आडनाव मला आजही उच्चारता येत नाही. काकांना येतं, कारण त्यांनी ते इंटरनेटवर ऐकून आठवडाभर घोकलंय. त्यांच्याकडे एमिलची एक्केचाळीस कार्डं आहेत, आणि सगळी ग्रेडेड. ही कार्डं पत्त्याएवढी असतात. ती एका कंपनीकडे पाठवायची. तिथली माणसं भिंगाखाली कोपरे, कडा, पृष्ठभाग बघून दहापैकी मार्क देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं सील करून परत पाठवतात. डबी फोडली की ग्रेड गेली. काकांच्या मते माणसाने शोधलेली ही सर्वांत न्याय्य व्यवस्था आहे.

कार्डं बघायला जायचं तर आधी हात धुवायचे. मग ते पुसायचे. मग काका ते तपासणार. मी एकदा म्हटलं, अहो काका, कार्ड तर प्लास्टिकमध्ये आहे ना. ते म्हणाले, "प्लास्टिकलाही चरे पडतात, बाई." त्या खोलीत पडदा कायम ओढलेला, चहा दारातच पिऊन यायचा. पण एकदा का खुर्चीवर बसलात, की काका एकेक कार्ड हातात घेऊन तो गोल, तो पास, तो बर्फावर सरकत घेतलेला वळसा असा सांगतात, की हॉकीतलं ओ की ठो न कळणारी मी पुढे सरकून बसते. एकदा तर त्यांनी एमिलचा वळसा मोजे घालून लाकडी फरशीवर करून दाखवला. वय वर्षं बहात्तर. कपाटाने धरलं म्हणून वाचले.

मागे त्यांच्या स्वयंपाकघरात टोस्टर पेटला, तेव्हा आमची अख्खी गल्ली बाहेर आली होती. काका पायजम्यावर, काखेत कार्डांची पेटी. फायर ब्रिगेडच्या माणसाने विचारलं, आत कोणी आहे का. काका म्हणाले, नाही, सगळे बाहेर आलेत. तो माणूस बराच वेळ त्यांच्या मागे कोण कोण आहे ते शोधत होता.

गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर एक कार्ड होतं, मी कधी न पाहिलेलं. एमिलने सामन्यात घातलेल्या जर्सीचा नखाएवढा तुकडा त्या कार्डात बसवलेला होता. डबीवर आकडा दहा. त्यांच्या संग्रहातला एकमेव दहा. शेजारी पक्कड ठेवलेली.

"एकट्यानं जमून नाही राहिलं," काका म्हणाले. "तू धर, मी तोडतो."

मला वाटलं, यांचं काहीतरी बिनसलंय. मी विचारलं, तेव्हा त्यांनी ब्रायनबद्दल सांगितलं. ब्रायन कारखान्यात त्यांच्या शेजारच्या बाकावर काम करायचा. काका नवे आले तेव्हा कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कोणी बसत नसे. एके दिवशी ब्रायन आपला ट्रे घेऊन आला, बसला, वझलवारचं 'वॉझ' केलं, आणि म्हणाला, शनिवारी हॉकी बघायला येतोस का. पुढे जवळपास प्रत्येक हिवाळा दोघांनी मिळून हॉकी बघितली. एमिलही आधी ब्रायननेच हेरला होता. आता ब्रायन केअर होममध्ये आहे आणि दोन वर्षांपासून त्याला दिसत नाही. काका दर शनिवारी एक कार्ड घेऊन जात, त्याच्या हातात देत, आणि तो गोल सांगत.

"मागच्या वेळी म्हणाला, नको आणत जाऊ. हाताला नुसतं प्लास्टिक लागतं."

मी पुढे झाले. डबी घट्ट धरली. काकांनी तिचा कोपरा पकडीत घेतला, डोळे मिटले आणि दाबला. प्लास्टिक तडकल्याचा मोठा आवाज झाला. काकांनी कार्ड बाहेर काढलं, स्वच्छ रुमालात गुंडाळलं, आणि मला म्हणाले, गाडी काढ.

ब्रायन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. काकांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली, पण चेहरा पडलेलाच होता. परत कार्ड आणलं असणार, हे त्याला कळलं असावं. काकांनी त्याचं बोट धरून त्या कापडाच्या तुकड्यावर ठेवलं. बोट थांबलं. मग हळूहळू गोल फिरू लागलं.

"ही त्याची जर्सी?" ब्रायनने विचारलं.

काका हो म्हणाले. ब्रायनने अंगठ्याने कापड पुन्हा पुन्हा चाचपलं. त्या नादात कार्डाचा एक कोपरा दुमडला. मी काकांकडे पाहिलं. त्यांना तो दिसला होता, पण ते ब्रायनच्या चेहऱ्याकडे बघत होते.

ब्रायनने कार्ड नाकाशी नेलं. "वॉझ, याला घामाचा वास येतोय का रे? मला वाटतं, येतोय."

काकांनी कार्ड घेऊन वास घेतला. "येतोय," ते म्हणाले. मग कार्ड माझ्याकडे दिलं.

मीही वास घेतला. त्याला कागदाचा आणि किंचित गोंदाचा वास होता.

"येतोय," मी म्हटलं.