पद्माकररावांचे डबे

महिन्याभरात लेकीच्या, चित्राच्या गल्लीत आपल्याला ओळखत नाही असा माणूस उरणार नाही, असं पुरुषोत्तमरावांनी विमानातच बायकोला सांगितलं होतं. सांगलीत चौकातून घरी यायला त्यांना तास लागायचा, इतके नमस्कार घ्यावे लागत. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला तरी काय, माणसंच राहतात ना!

महिना झाला. लोक हसत, हवा कशी आहे ते सांगत आणि पुढे जात. राव तेवढ्यावर खूश होते. मग समोरच्या ओजसचे वडील पद्माकर नागपूरहून आले आणि आठवड्यात शेजारच्या ब्रीडाबाई त्यांना चहाला बोलावू लागल्या. गल्ली तर त्यांना पॅडी म्हणू लागली.

"आपलं कुणी बारसं केलं नाही ते," राव म्हणाले.

"तो लोकांचे कचऱ्याचे डबे आत ओढून ठेवतो," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तुम्ही आपला चहाचा कप तरी उचलता का?"

एवढंच होय! चाकांचे डबे बुधवारी दारोदार उभे असतात आणि दहा वाजता पद्माकर ते आत ढकलतो, हे रावांनी खिडकीतून पाहिलं होतं. कचऱ्याची गाडी मात्र कधीच पाहिली नव्हती. ती यायची तेव्हा राव आंघोळीला असत.

पुढच्या बुधवारी ते उजाडताच उठले आणि गल्लीतला एकूण एक डबा आत ढकलला. डबे धोंड्यासारखे जड होते. हे पद्माकर दर बुधवारी हसत ओढतो, या विचारानं त्यांचा आणखीच जळफळाट झाला.

गाडी आली. रिकामा रस्ता पाहून निघून गेली. आता आठवडाभर ती यायची नव्हती.

"बाबा, कोणी केलं असेल हो हे?" चित्रानं विचारलं. राव पेपरात तोंड घालून बसले. आळ पद्माकरवरच येणार, आता त्याची चांगली जिरेल, या कल्पनेनं त्यांना जरा बरंही वाटत होतं.

संध्याकाळी लोक पद्माकरच्या दारी जमले. राव पडद्याआडून भांडणाची वाट पाहू लागले. पण लोकांच्या हातात स्कोनचे गोडसर पाव होते, जॅम होता, कुणाच्या हातात तर अख्खा ॲपल पाय!

"हे काय चाललंय?"

"त्यांना वाटतंय त्यानंच केलं," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तो नाही म्हणतोय, तर म्हणे बिचारा लाजतोय. मनाला लावून घेऊ नको, हे सांगायला आलेत."

आता मात्र रावांना राहवेना. चूक आपली, मेहनत आपली आणि ॲपल पाय त्याला? चपला अडकवून ते तडक ब्रीडाबाईंच्या दारात गेले.

"डबे मी ओढले," त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं. "सगळे. एकट्यानं."

ब्रीडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे भरून आले. "मित्राची चूक स्वतःवर घेता! किती करता हो त्याच्यासाठी तुम्ही," म्हणत त्या आत गेल्या.

रावांनी केस नीट केले. आता खुर्ची येईल, चहा येईल, नाव विचारतील.

बाई बेदाण्यांचा मोठा केक घेऊन आल्या आणि त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "पॅडीकडेच निघालात ना? एवढा त्याला द्याल?"

राव निघाले. अर्ध्या रस्त्यात इकडेतिकडे पाहून त्यांनी केकचा एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.