परसातली गॅसभट्टी

"कोळसा नाही, धूर नाही, राख नाही! रविवारी पाहुण्यांसमोर लोखंड लालभडक करतो आणि त्याचा आकडा वाकवून दाखवतो!" झटपटरावांनी घरात जाहीर केलं.

हे नाव त्यांना गल्लीने ठेवलेलं. दिवसभर कचेरीत शिक्के मारणारा हा गृहस्थ मनाने पक्का लोहार होता आणि परसातली शेड म्हणजे त्यांचा जीव की प्राण! बायकोला नेमकी तीच शेड शिलाई मशीनसाठी हवी होती.

"आकडा झाला तर शेड तुमची," ती म्हणाली. "नाही झाला तर सोमवारी माझं मशीन तिथे. ठरलं?"

"ठरलं म्हणजे ठरलं!"

खरं सांगायचं तर भट्टी त्यांनी झकास बांधली. बादलीएवढा जाड लोखंडी पाइप आडवा ठेवला. आतून उष्णता अडवणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिक लोकरीचे थर आणि त्यावर भट्टीच्या सिमेंटचा लेप दिला. वरच्या भोकात बर्नर बसवला. त्याच्या बारीक छिद्रातून गॅस सुसाट सुटतो, जाताजाता हवा ओढून नेतो आणि आत दोघांचा मिळून जाळ होतो. राहता राहिला सिलिंडर. तो त्यांनी रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून गुपचूप उचलला. स्वयंपाकाची वेळ व्हायच्या आत परत लावला की कोणाला कळतंय!

पाहुणे म्हणजे मेव्हणी आणि साडू. साडू शेडमध्ये खुर्ची टाकून परीक्षकासारखा बसला. भट्टी पेटली आणि काय गर्जली! सळई लाल झाली, मग नारिंगी! झटपटरावांनी दोन घाव घातले, सळई जराशी वाकली आणि काळी पडली. ती पुन्हा आत गेली. आता आणखी एकदा तापली की काम फत्ते! एवढ्यात गर्जनेची कुरकुर झाली.

साडूने सिलिंडरला हात लावला. वर पांढरं हिव साचलं होतं!

"साडूभाऊ, भट्टी बांधलीत की फ्रीज?"

"गॅस भराभर ओढला की सिलिंडर गारठतो," झटपटराव घाम पुसत म्हणाले. "कोमट पाण्याच्या टबात बसवला की झाला ताजातवाना! अगं, जरा पाणी तापव!"

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चहाचं रिकामं पातेलं होतं.

"कशावर?"

झटपटराव चटकन सिलिंडरसमोर आडवे उभे राहिले.

"अहो, भट्टी गरम आहे की अजून!" मेव्हणी ओरडली. सळई बाहेर आली, पातेलं पाण्याने भरून आत गेलं. पाणी बघता बघता तापलं, टबात पडलं आणि भट्टी पुन्हा गर्जली!

"चालली! आणा ती सळई!"

"थांबा, आधी चहा होऊ दे," बायको म्हणाली. चहा दोन मिनिटांत उकळला. तिचे डोळेच विस्फारले. "ताई, भाताचं भांडं आण गं! आणि डाळीचंही!"

"अगं, माझा आकडा!"

"सगळे उपाशी बसलेत आणि तुम्हाला आकडा सुचतोय?"

भात झाला, डाळ झाली, भाजी परतून झाली आणि सिलिंडर संपला. सळई अर्धवट वाकलेली पडून होती. झटपटराव मान खाली घालून उभे राहिले. ते अगदी रडायच्या बेतात होते.

"घे शेड," ते म्हणाले.

"छे, छे! शेड तुमचीच!" बायको खुशीत म्हणाली.

"खरंच?"

"अगदी खरंच. उद्यापासून स्वयंपाकही तिथेच करा. माझं मशीन ठेवते स्वयंपाकघरात!"