निकमकाकांची टाळी

निकमकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी दारातच एक टाळी वाजवतात. एकच. मग मान तिरकी करून ऐकतात आणि खोलीचा निकाल देतात. निकाल तीनच: "गायला", "बोलायला" आणि "फक्त झोपायला". बँक असो, लग्नाचा हॉल असो, दाताचा दवाखाना असो. आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळात तर कुणी फ्लॅट घेतला की सत्यनारायणाच्या आधी काकांची टाळी होते.

मी चंदीगडजवळच्या खरड गावात फ्लॅट घेतला तेव्हाही काका आले. घरात आई-वडील, बायको, दोन पोरं, गावाहून आलेली आत्या, भिंतीशी गाद्यांची चळत. काकांनी टाळी वाजवली, नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "फक्त झोपायला." चहासुद्धा न घेता गेले. आमच्या घराण्यातलं ते पहिलं पक्कं घर. मी ते विसरलो नाही.

स्पष्टच सांगतो, मी काकांवर जळतो. माझे वडील लातूरकडे वीटभट्टीवर होते. आमच्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला मीच. मंडळाचा सचिव मी. पत्रं लिहायची मी, परवानग्यांसाठी खेटे घालायचे मी. काका मॅट्रिक, हवाई दलात रडार दुरुस्त करून निवृत्त झालेले. पण मंडळात काही निघालं की सगळे विचारणार, "काका काय म्हणतात?"

त्यातच मंडळाच्या कलाघराचा प्रस्ताव आला. सेक्टरातल्या मोकळ्या जागेवर नाटक, गाणं, चित्रं यांसाठी एक इमारत. बावीस पानांचा अर्ज मी इंग्रजीत लिहिला. त्यात एक रकाना होता, 'नियोजित उपक्रम'. तिथं मी अभिमानानं पहिलंच लिहिलं: ढोल-ताशा पथकाचा सराव, साठ वादक, रोज संध्याकाळी. एक ढोल पंजाबी माणसाला कितीही चालतो. साठ वाचल्यावर शेजारच्या बंगल्यातले सरदारजी थेट हरकत घेऊन पालिकेत पोचले.

सुनावणीला मी वडिलांना मुद्दाम नेलं. पांढरी टोपी घालून ते मागच्या रांगेत बसले. मी वीस मिनिटं वाचलं. अधिकारी मॅडम पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वो सब ठीक है जी, पर शोर का क्या?" बाविसाव्या पानापर्यंत शोर कुठंच नव्हता. आज हरकत मिटली नाही तर फाइल बंद, हेही त्यांनी सांगितलं.

तेवढ्यात काका उठले. "सरदारजी, जरा बाहर चलिए." सरदारजींना कॉरिडॉरमध्ये नेऊन उभं केलं, आत येऊन दार लावलं आणि खणखणीत टाळी वाजवली. दार उघडलं.

"सुना?"

"सुना जी. कान खोल दित्ते."

मग त्यांना पलीकडच्या खोलीत पाठवलं. मध्ये जुन्या फायलींनी छतापर्यंत भरलेली खोली होती. पुन्हा टाळी. सरदारजी परत आले आणि म्हणाले, "बजाओ ना जी, मैं तो खड़ा हूँ कब से."

"बस," काका मॅडमना म्हणाले, "इनके बाजू में कपड़ों का गोदाम बनाएँगे. नाटक के शालू, पडदे, सब ठूँस के. ढोल उसके इधर."

मॅडम हसल्या. सुधारित नकाशा द्या, मंजूर करते, म्हणाल्या. सरदारजींनी काकांना मिठी मारली. मंडळाच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला. त्यात माझं कोपर दिसतं.

बसमध्ये वडील म्हणाले, "तुझं इंग्रजी झ्याक झालं असंल. पर मला टाळी कळली."

सुधारित नकाशावर सही घ्यायला मी काकांकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी पहिल्यांदाच. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा कॅनडात. काका चष्मा शोधत होते. मला राहवलं नाही. यांचंही घर एकदा नापास करावं म्हणून मी टाळी वाजवली.

ती स्वयंपाकघरातून परत आली, मग आतल्या खोलीतून.

"इथं मी वाजवत नाही," काका म्हणाले. "हिच्या साड्या वाटून टाकल्या, जास्तीच्या गाद्या देऊन टाकल्या. पूर्वी आवाज जागच्या जागी बसायचा. तुझ्याकडे बसला ना, तसा."

"माझ्याकडे तर तुम्ही फक्त झोपायला म्हणालात."

"मग? गायची खोली कुठंही बांधता येते." त्यांनी सही केली. नकाशाची घडी मात्र बराच वेळ जुळवत बसले.

रविवारी मी अख्खं बिऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे गेलो. वडील, आई, बायको, पोरं, पोरांची दप्तरं, आत्यानं शिवलेल्या दोन गोधड्या. सगळे मिळेल तिथं टेकले. काका दाराशीच उभे होते. त्यांनी टाळी वाजवली आणि मान तिरकी केली.

"फक्त झोपायला," ते म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.